गिनतीचा फोन

खापा,
२ मार्च १९८८

प्रिय मधुसूदन,

पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहायचं असं शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिलं. त्यातून दुसरं काही काढू नकोस.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत तुझं पत्र, एक टाइप केलेला कागद आणि परत पाठवायला तिकीट लावलेलं दुसरं पाकीट. पत्रात बाबांबद्दल एक ओळ आहे, बाकी सगळं फोनबद्दल. बाबांच्या नावावरचा फोन तुझ्या नावावर करायला आईची आणि माझी हरकत नाही, असं आम्ही लिहून द्यायचं. माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलनं फुली मारली आहेस आणि आईच्या अंगठ्यासाठी गोल काढला आहेस. गोल चांगला आला आहे. वाटी उपडी ठेवून काढलास का? उशीर झाला तर टेलिफोन ऑफिसवाले लाइन तोडतील आणि पुन्हा नंबर लावला तर म्हातारपणी फोन मिळेल, असंही लिहिलं आहेस. आई कशी आहे हे विचारायला जागा उरली नसेल.

आई बरी आहे. सकाळी चहा घेते, दुपारी थोडा भात खाते. माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे म्हणून मी सध्या रात्री तिच्याकडेच झोपते. हे नाही म्हणत नाहीत. सोसायटीत सूत मोजून द्यायचं माझं काम चालू आहे. मागावर बाबांचं अर्धं लुगडं तसंच ताणलेलं आहे. ते काढू का म्हणून विचारलं तर आई म्हणाली, राहू दे वं, कोनाले अडचन हाये त्याची? तुला ठाऊक नसेल, बाबा शेवटच्या दिवसांत पुन्हा मागावर बसले होते. गुडघे धरून मागाच्या खड्ड्यात उतरायचे आणि वर यायला मला किंवा शेजारच्या देवकीला हाक मारायचे. मुलगा नागपुरात प्लॉटचे सौदे करतो, सरकार पेन्शन देतं, मग या वयात काहून, असं देवकीनं विचारलं. बाबा म्हणाले, आता आपन विनकरच हाओ बाई, दुसरं काही नाई. तेव्हा मला ते वाक्य साधं वाटलं होतं.

मी फार बोलत नाही हे तुला लहानपणापासून सोयीचं पडत आलं आहे. तेरवीला तू पंगतीत फिरून वाढत होतास आणि लोक म्हणत होते, पोरानं बापाचं चांगलं केलं. मी स्वयंपाकघरात होते. तिथं तुझ्या बायकोनं, पुष्पलतानं, मला जे सांगितलं ते ऐकूनही मी बाहेर आले नाही, कुणाला काही म्हटलं नाही. तुला वाटलं असेल ताईला काही माहीत नाही. मला माहीत आहे. पण आधीपासून लिहिते, म्हणजे तुलाही नीट आठवेल.

दीड वर्षापूर्वी तू खाप्याला आलास. स्वातंत्र्यसैनिकांना सरकार सवलतीत फोन देतं, लावायचा खर्च माफ, भाडं निम्मं, आणि नंबरही लवकर लागतो, हे तू कुठूनतरी ऐकून आला होतास. तुझ्या स्वतःच्या नावानं नंबर लागायला कितीतरी वर्षं गेली असती. तू बाबांना म्हणालास, बाबा, सरकार तुमच्या नावानं फोन देऊन राहिलं. बाबांनी एवढंच विचारलं, आपल्याले काहून? तू म्हणालास, तुमी जेलात गेले होते ना, म्हनून. मग घर खाप्यात आणि फोन नागपूरला तुझ्या रामदासपेठेत कसा, हे विचारायच्या आत त्यांच्या राहण्याचा पत्ता म्हणून तू तुझाच पत्ता घातलास. त्यांनी आपली सही केली, शालिकराम धकाते, वेळ लावून, प्रत्येक अक्षरावर काना-मात्रा बघत.

तू निघून गेल्यावर ते दिवसभर त्यावर विचार करत राहिले. बेचाळीसच्या जेलमध्ये रोज गिनती व्हायची. ओळीत उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. पेन्शन लागल्यापासून दरवर्षी आपण जिवंत आहोत हे ऑफिसात जाऊन दाखवायचं. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र झाल्या. संध्याकाळी ते आईला म्हणाले, मले समजलं. हा गिनतीचा फोन हाये. सरकार पुकारन आन् आपन हजर म्हनाचं. फुकटात कोनी देते काय? मी म्हटलं, बाबा, फोन बोलायला असतो, मनात येईल त्याच्याशी बोलायचं. ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, गोपे, तू जेलात नाई गेली.

यात वाईट काय होतं, मधुसूदन? बाकीचे लोक सरकारकडून काय मिळतं ते बघतात. हा माणूस, सरकारनं काही दिलं तर आपण काय द्यायचं, ते शोधत होता.

त्यानंतर दर रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून सकाळच्या एस.टी.नं सावनेरवरून नागपूरला यायला लागले. रविवारच का, तर तू घरी असतोस म्हणून. हंगामाप्रमाणे बोरं, ओला हरभरा, भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायचे. तू शेंगा ठेवून घेत होतास. ते फोनजवळच्या स्टुलावर बसायचे आणि दुपारची गाडी होईपर्यंत उठायचे नाहीत. घरी येऊन आईला सांगायचे, आज नाही आला. तक्रार नसायची त्यात. एकदा त्यांना ताप होता तेव्हा त्यांनी आईला तयार केलं. मी नसलो तर तू जाय. घंटी वाजली का उभी राय, डोक्यावर पदर घे, ते उचल आन् हजर म्हन, माह्या नावानं. बाकी काही बोलू नको. आईनं चुलीपुढे उभं राहून हातातली फुंकणी कानाला लावली आणि हजर म्हणून दाखवलं. तेव्हा आम्ही तिघंही किती हसलो. ताप उतरला आणि तिच्यावर जायची वेळ आली नाही.

एका रविवारी चष्म्याच्या कामासाठी मीही त्यांच्याबरोबर आले होते. तू विसरला असशील, मी नाही. फोन वाजला तसे बाबा ताडकन उठले, टोपी नीट केली आणि बोलले, हजर! शालिकराम धकाते, खापा. तिकडून कुणीतरी प्लॉटचं विचारत होतं. बाबा म्हणाले, प्लॉट? आपला नाई गा प्लॉट. हा सरकारचा फोन हाये, ठेवून द्या, सरकारले लागत असन. तू आतून धावत आलास आणि त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतलास. गिऱ्हाईक गेलं म्हणून तू पुष्पलतावर ओरडलास, कारण बाबांवर माझ्यासमोर ओरडता येत नव्हतं. थोड्या वेळानं एक पार्टी तुला भेटायला घरी आली. कोपऱ्यात टोपीवाला म्हातारा बघून त्यांनी हे कोण म्हणून विचारलं. तू म्हणालास, टेलिफोनवाले हायेत, लाइन तपासून राहिले. बाबांनी ते ऐकलं. मला वाटलं आता त्यांचा चेहरा पडेल. उलट ते ताठ बसले. जाताना मला म्हणाले, मधूले समजलं पाय, मी कायले येतो ते.

बसमध्ये त्यांनी खिडकीशी बसून मला शेंगा सोलून दिल्या.

मग तू फोनच्या चकतीला ते लहान कुलूप घातलंस. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांना कुठं नंबर फिरवायचा होता? त्यांना तर फक्त पुकारा ऐकायचा होता. मग तू फोन आतल्या खोलीत नेलास. ते दाराबाहेर स्टूल घेऊन बसले. हा माणूस रागावून यायचा थांबेल असं तुला वाटलं असणार. तो रागावतच नाही म्हटल्यावर तू जे केलंस ते मला पुष्पलताकडून कळलं.

तिला बोल लावू नकोस. ती चहाची भांडी विसळत होती आणि एकदम रडायला लागली. म्हणाली, ताई, मले आधीच सांगतलं होतं यायनं, गंमत करतो म्हने. मले वाटलं हे वापस आले का मामाजीसकट हासतीन सारे. तिनं सगळं सांगितलं. दिवाळीनंतरचा रविवार. भाजी आणतो म्हणून तू पिशवी घेऊन बाहेर पडलास. चौकातल्या औषधाच्या दुकानात जाऊन तुझ्याच घरचा नंबर फिरवलास. पुष्पलतानं तुझ्या सांगण्यावरून आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. बाबांनी उचलला. उभं राहून म्हणाले, हजर. शालिकराम धकाते, खापा. आणि तू हिंदीत बोललास, कारण सरकार हिंदीत बोलतं. आपका नाम काट दिया गया है. अब हाज़िरी की ज़रूरत नहीं. आप मत आइए.

इतके रविवार ज्या फोनची वाट बघितली तो फोन आला आणि त्यात हे ऐकायला मिळालं.

पुष्पलता सांगत होती, त्यांनी दोनदा जी म्हटलं. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, तो सरळ बसला का ते बघितलं. टोपी काढली, घडी केली आणि खिशात घातली. तिनं चहा देऊ का विचारलं तर म्हणाले, नको बाई, आता इथं बसाचं काम नाई. गाडीला वेळ होता तरी निघून गेले. तू परत आलास तेव्हा पिशवीत मेथी होती. तू पुष्पलताला विचारलंस, गेले काय? तिनं हो म्हटल्यावर तू मेथी निवडायला बसलास. तू कधी भाजी निवडत नाहीस, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं.

आता इथलं ऐक. त्या दिवशी बाबा टोपी न घालता घरी आले. आईनं टोपी हरवली का विचारलं. ते म्हणाले, नाव कटलं. आईला कळेना, कायचं नाव? गिनतीतलं, असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले. भिंतीवरचं ताम्रपत्र त्यांनी स्वतः उतरवलं, मागाच्या कापडात गुंडाळून पेटीत तळाशी ठेवलं. मी पुष्कळ समजावलं. पेन्शन कशी बंद होते, त्याचे कागद कसे येतात, असं फोनवरून कुणी कुणाचं नाव कापत नाही, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी सोता ऐकलं गोपे. पेन्शन काढायला बँकेत जाणं त्यांनी बंद केलं. आपली नाही ती घ्यायची नाही म्हणाले. सव्वीस जानेवारीला नगरपालिकेचा माणूस दरवर्षीसारखा बोलवायला आला. पुढच्या ओळीत त्यांची खुर्ची असते. त्याला सांगितलं, आमचं आता नाई जमत, दुसऱ्या कोनाले बसवा. झेंडा वर गेल्यावर शाळेच्या पोरांचं गाणं आपल्या घरापर्यंत ऐकू येतं, तुला आठवतच असेल. तेवढा वेळ त्यांनी धोटा हातात थांबवून धरला. मग पुन्हा विणायला लागले.

डॉक्टर छातीत कफ झाला म्हणाले. म्हातारं माणूस होतं, थंडी होती, खरंच असेल. तुझ्यामुळे मेले असं मी लिहीत नाही. तसं लिहिलं तर मी कुठं चुकले ते तू शोधशील आणि बाकीचं वाचायचं सोडून देशील. मी एवढंच लिहिते की ते जगले त्यातलं शेवटचं तू काढून घेतलंस, आणि ते तुझ्या काही उपयोगाचंही नव्हतं. तुला हवा होता रविवारचा एक मोकळा कोपरा. येऊ नका असं तोंडावर सांगितलं असतंस तर ते आले नसते. दारात उभं राहून शेंगा दिल्या असत्या आणि परत गेले असते. तेवढं धाडस तुझ्यात नव्हतं, म्हणून तू सरकार झालास.

आता जे अडलं आहे ते. आईच्या नावानं बाबांची पेन्शन चालू करायचे कागद आले आहेत. तिचा अंगठा लागतो. ती देत नाही. मी हात धरून नेला तर हात मागे घेते. म्हणते, नाव कटलेल्या मानसाची पेन्शन कशी घेऊ वं? वर गेल्यावर ते काय म्हनतीन मले? तुझा कागदही मी तिला वाचून दाखवला. तोही तसाच पडून आहे. जो फोन त्यांचा राहिलाच नव्हता तो मी मधूले कसा देऊ, म्हणाली. तुझ्यावर तिचा राग नाही. तेरवीला तू वाळलास म्हणून ती अजून बोलते. पेन्शन तिला मिळाली नाही तर मी तिला सांभाळीन, त्याबद्दल हे पत्र नाही. पण आपला नवरा सरकारनं काढून टाकलेला माणूस म्हणून मेला, असं धरून ती बसली आहे, आणि जोवर जगेल तोवर धरून बसेल. हे मला बघवत नाही.

तू म्हणशील, मग ताई, आईला खरं सांगून टाक. तेरवीच्या संध्याकाळी मी तेच करणार होते. ओठापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं, आणि का नाही सांगितलं ते तुला कळावं म्हणून हे पत्र लिहायला बसले. जायच्या दोन-तीन दिवस आधी दुपारी मी बाबांचे पाय चेपत होते. आई नळावर गेली होती. डोळे मिटूनच ते म्हणाले, गोपे, सरकारात आपल्या मधूसारख्या आवाजाचा एक मानूस हाये. बोलनं साजरं हाये त्याचं. मोठ्या हुद्द्यावर असन. मी म्हटलं, असेल. मग थोड्या वेळानं म्हणाले, तुह्या मायले नको सांगू हे. तिले उगाच काहीतरी वाटन. मला वाटलं तापात बोलताहेत. पुष्पलतानं सांगेपर्यंत मला तसंच वाटत होतं. त्यांनी तुला त्याच दिवशी ओळखलं होतं का, मागावर बसून विचार करताना ओळखलं, की शेवटपर्यंत ओळखलंच नाही, मला माहीत नाही. पण त्यांनी तुला झाकलं आणि झाकण धरायला मला ठेवून गेले. मी ते उघडणार नाही. तुझ्यासाठी नाही.

म्हणून आता तूच करायचं. येत्या बुधवारी दुपारी खाप्याच्या पोस्टात पी.पी. कॉल लाव, आईच्या नावानं. पोस्टातला माणूस घरी येऊन तिला बोलावून नेईल. मी बरोबर असेन. त्याच आवाजात बोल आणि हिंदीतच बोल, तेवढी हिंदी तिला समजते. सांग की शालिकराम धकाते यांचं नाव कापलेलं नाही, चूक आमच्याकडून झाली, नाव होतं तिथंच आहे आणि राहील. चूक झाली हे शब्द गाळू नकोस. मी तिच्या कानाजवळ उभी असेन. त्यानंतर ती पेन्शनच्या कागदावर अंगठा देईल आणि तुझ्या गोलातही देईल. तुझ्या फुलीवर माझी सही त्याच दिवशी टपालात पडेल. फोन तुझ्याकडे राहू दे, मला तो या घरात नको. एवढ्यासाठी तू फोन हातचा घालवणार नाहीस, इतकी मी तुला ओळखते. तिनं तुझा आवाज ओळखला तर ते ती कुणालाही सांगणार नाही. या घरात आता तशी रीत पडली आहे. फक्त एक कर. फोन लागला की लगेच बोलायला सुरुवात करू नकोस. ती डोक्यावर पदर घेईल, उभी राहील आणि बाबांनी शिकवलं तसं हजर म्हणेल. ते तिला म्हणू दे. तू पूर्ण ऐकून घे आणि मग बोल.

तुझीच, कारण दुसरा भाऊ मला नाही,
गोपिका